न वळवलेले बूट

"आजी, तू घरमालकिणीला काय सांगितलंस?" कस्तुरीने पाठीवरची सॅकही काढली नव्हती.

"काही नाही गं. म्हातारा रोज संध्याकाळी येतो, खोकतो आणि माझ्या चपला दाराकडे वळवून ठेवतो, एवढंच."

"तुला जपानी कुठे येतं?"

"फोनला येतं ना. मी मराठीत बोलले, तो जपानीत बोलला. कचरा टाकता टाकता बाईचे डोळे एवढाले झाले."

माझ्या चपला कस्तुरीच वळवते. इथली रीतच आहे. काढलेल्या चपलांची टोकं दाराकडे करून ठेवायची, निघताना सोपं जातं. पण हे सांगून कुणाचे डोळे मोठे होतात?

क्योतोतली ही खोली स्वस्तात मिळाली, कारण आधीचा भाडेकरू, निशिदा नावाचा म्हातारा, इथेच गेला आणि बरेच दिवस कुणाला कळलं नाही. एजंटने ते आधीच सांगितलं होतं. कस्तुरी म्हणाली, चालेल. तिची पीएचडीच मुळी अमेरिकेतल्या दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या काळोख्या कथांवर. पडके बंगले, घनदाट जंगलं, भिंतीत दडवलेली पापं.

"भुतं कशी आहेत गं त्यांची?" मी विचारलं होतं.

"बऱ्याचदा भूत बाहेरून येतच नाही, आजी. माणसाचं मनच त्याला खातं."

मला हा कंजूषपणा वाटला. एवढा बंगला बांधायचा आणि भूत ठेवायचं नाही.

रविवारी बेल वाजली. पन्नाशीची बाई, हातात मिठाईचा खोका. म्हाताऱ्याची मुलगी. घरमालकिणीकडून तिच्या कानावर गेलं होतं. बूट तसेच काढून ती आत आली आणि ताठ बसली. कस्तुरी मध्ये बसून एकीचं दुसरीला सांगत होती.

"आजी, ती विचारतेय, बाबा खरंच तुमच्या चपला वळवतात का? आता खरं सांग हं."

"आधी विचार, तिला कशाला हवंय?"

बाई खाली बघून बोलत राहिली. कस्तुरीचा आवाज बारीक होत गेला.

"तिचे बाबा घरी येणाऱ्या सगळ्यांचे बूट वळवायचे. गॅसवाल्याचेसुद्धा. लग्नावरून भांडण झालं आणि ही घर सोडून निघाली, तेव्हा हिचे बूट न वळवता तसेच पडले होते. बाबांना एवढा राग आलाय असं समजून ही परत आलीच नाही. आणि आता म्हणे ते परक्या बाईच्या चपला वळवतात."

तुझ्या पीएचडीतली बाई आली बघ, असं म्हणणार होते. म्हटलं नाही.

"सांग तिला, ही म्हातारी थापाडी आहे. चपला तू वळवतेस. इथे कुणी येत नाही."

कस्तुरीने सांगितलं. बाईने मान हलवली. पण तिचे ताठ खांदे खाली आले.

"आता पुढचं सांग, ही थाप नाही. मी दोन मुली सासरी पाठवल्यात. बूट दाराकडे वळवायचे म्हणजे 'जा' म्हणायचं. बापाला ते म्हणवलं नसेल."

कस्तुरी हळूहळू जपानीत बोलली. बाई रडली नाही. मिठाईच्या कागदाची घडी घालत बसली, लहान, आणखी लहान.

ती निघाली तेव्हा कस्तुरी सवयीने तिच्या बुटांकडे वाकली. मी काठी आडवी धरली.

"राहू दे."

बुटांची टोकं खोलीकडे होती. बाईने ती पाहिली. मग दाराकडे पाठ करून ती बूट काढायच्या खोलगट जागेत एक पायरी उतरली आणि आमच्याकडे तोंड करून एकेक पाय बुटात घातला. क्षणभर ती नुकतीच घरी आल्यासारखी दिसली.