अठरा ग्रॅमचे विमान

मित्रांनो, मी आज एक जुने विमान आहे. पण माझ्या आयुष्यातले दोन दिवस मी उसाची ट्रॉली होऊन काढले. त्या दोन दिवसांचा वैताग अजून गेलेला नाही, म्हणून तीच गोष्ट सांगते.

मी खोक्यातून बाहेर आले तेव्हा बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या पातळ पट्ट्या, एक पंखा आणि एक लांब रबर एवढीच माझी इस्टेट होती. सोलापूरच्या ऋतुजाने मला जोडले. सातवीतली पोर, पण डिंकाचा थेंबसुद्धा टाचणीच्या टोकाने लावायची. पंखांना तिने पतंगाचा कागद चिकटवला. मग पुठ्ठ्याच्या डब्यात घालून मला नवी पेठेतल्या सराफाकडे नेले. सोने तोलायच्या काट्यावर मी अठरा ग्रॅम भरले. सराफ हसला, ऋतुजा नाही हसली. शनिवारी शाळाशाळांची स्पर्धा होती. रबराला पीळ देऊन सोडलेले विमान दहा सेकंद हवेत राहिले, तरच पुढची फेरी. पहिल्याच चाचणीत मी बारा सेकंद उडाले. खरे सांगते, मला गर्व झाला.

तो उतरवला तिच्या वडिलांनी. सिद्धलिंगप्पा पेंटर म्हणजे उसाच्या ट्रॉल्या रंगवणारा नामी हात. पार वैराग-बार्शीहून ट्रॅक्टर त्यांच्या दारात येऊन उभे राहत. बुधवारी लेक शाळेत गेली आणि अप्पांना माझे कोरे अंग बघवेना.

"पेंटरच्या पोरीचं इमान आन् बिनरंगाचं? लोक काय म्हनतील!"

मला तोंड असते तर ओरडले असते! आधी अस्तर, मग गुलाबी ऑइलपेंटचे दोन हात, पंखांवर कमळे, कडेने पिवळी नक्षी, शेपटीवर 'ऋतुजा एक्सप्रेस'. सोलापूरचे ऊन, वाळायला कितीसा वेळ! लोखंड गंजू नये म्हणून अप्पा रंग जाड देतात. मला कुठला गंज चढणार होता? शेवटी नजर लागू नये म्हणून त्यांनी काळा गोंडा बांधला, तेव्हा मी आशाच सोडली.

संध्याकाळी ऋतुजा आली. अप्पा दारातच उभे. "कसं हाय?"

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. पण बोलली काय, तर "लई भारी हाय, अप्पा."

तिचा मला असा राग आला म्हणून सांगू! गुरुवारी मैदानावर तिने मला सोडले आणि मी चार हातांवर नाक आपटले. तिने पीळ वाढवले, रबर तुटले. नवे रबर लावले, पुन्हा नाक. सराफाच्या काट्यावर त्रेचाळीस ग्रॅम! तरी घरी चकार शब्द नाही. बापाचे मन मोडू नये म्हणून लेक माझी हाडे मोडत होती.

शुक्रवारी अप्पा तिचा विसरलेला डबा घेऊन शाळेत आले, तेव्हा मी त्यांच्या पायापाशीच आपटले. त्यांनी मला उचलले आणि तळहातावर तोलले.

"रंगाच्या वजनानं पडतंय व्हय गं?"

ऋतुजाने हळूच मान डोलावली.

"आगं, मग बोलायचं की!"

"तुमी एवढ्या हौसेनं केलं, अप्पा..."

"हौस माजी, आन् पडनार तू? आसं न्हाय चालत."

घरी येऊन ते ब्लेड आणि पॉलिश पेपर घेऊन बसले. दारात एक ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून दमला. पंखांचा कागद कमळांसकट निघाला, ऋतुजाने नवा चिकटवला. अंगावरची नक्षी अप्पांनी हळूहळू खरवडली. एकदाही पाते लाकडात रुतू दिले नाही. 'ऋतुजा' हे नाव खरवडताना मात्र त्यांचा हात थांबला, आणि तिथे माझा सगळा राग निवळला. लाकडात मुरलेला थोडा गुलाबी राहिलाच. वजन भरले वीस ग्रॅम.

शनिवारी ऋतुजाने मला सोडले. कडेला उभे राहून अप्पा मोठमोठ्याने आकडे मोजत होते. दहा झाले, मी वरच होते, आणि पुढचे मोजायचे ते विसरून गेले.

आता मी त्यांच्या कामाच्या शेडमध्ये टांगलेले असते. गोंडा शेजारच्या खिळ्याला आहे. तो पुन्हा विमानाला बांधायचा नाही, अशी ऋतुजाची अप्पांना ताकीद आहे. या वेळी ती बोलली, हे बरे झाले. मित्रांनो, हौस जरूर करा, पण आधी ती वस्तू तळहातावर घेऊन बघा, तिला किती पेलवेल ते. आणि दुसऱ्याच्या हौसेने तुमचे नाक आपटत असेल, तर कृपा करून गप्प बसू नका. मार आमच्यासारख्यांना बसतो.

परवा एक ट्रॅक्टरवाला मला बघून म्हणाला, "पेंटर, तुमच्या घरात बिनरंगाचं इमान?"

अप्पांनी ब्रश खाली ठेवला.

"बिनरंगाचं न्हाय. रंग काढल्यालं हाय. माज्या हातचं सगळ्यात अवघड काम त्ये."