मीना, चावा आणि केदादा

स्त्रीला कोणत्या शब्दाने हाक मारावी, हा प्रश्न मोठमोठ्या संस्कृतींनी शतकानुशतके विचार करून सोडवला आहे. बडोद्यात तो एका मंगळवारी, शेवउसळ यायच्या आत सोडवायचा होता.

उत्कर्षचे ऑफिस अकोट्यात, एका मिठाईच्या दुकानाच्या वर होते. पाटीवर 'ग्लोबल' हा शब्द दोनदा आला होता. आत सहा कॉम्प्युटर आणि एक एसी, तोही उत्कर्षच्या केबिनमध्ये. साल दोन हजार चार. देश चमकत असल्याचे रोज पेपरात येत होते. कोणी एक अमेरिकन कंपनी जुनेपुराणे इंग्रजी सिनेमे डीव्हीडीवर काढून मेक्सिको आणि अर्जेंटिनात विकणार होती. त्या सिनेमांतले पुरुष बायकांना डेम, डॉल, लास, स्पिन्स्टर असे काय काय म्हणत. त्या सगळ्यांना खाली उमटणाऱ्या ओळींत स्पॅनिश शब्द हवे होते, तेही मेक्सिकोला मेक्सिकोचे आणि अर्जेंटिनाला अर्जेंटिनाचे. मेक्सिकोत हे काम महाग पडते, म्हणून ते बडोद्याला आले होते.

प्रेमलाने स्पॅनिशचा डिप्लोमा ऐन विशीत केला होता. लग्न जमेपर्यंत मुलगी कशात तरी गुंतलेली बरी, असे घरच्यांना वाटले होते. लग्न जमले नाही. स्पॅनिश उत्तम जमले. पुढे ती एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवू लागली. तिथे तिला सगळे प्रेमलाबाई म्हणत आणि म्हणताना उभे राहत. मग मुले गुजरातीत गेली, गुजरातीतली इंग्रजीत गेली आणि शाळा बंद पडली. उत्कर्षच्या ऑफिसात पहिल्या दिवशी तिने खालच्या वॉचमनला आपले नाव प्रेमलाबाई असे सांगितले, तेव्हा त्याने तिला झाडू कुठे ठेवलाय ते दाखवले. तेव्हापासून ती प्रेमलाबेन झाली.

हे काम नीट पार पडले की भाषाप्रमुख अशी एक जागा निघेल, असे उत्कर्षने सांगून ठेवले होते. प्रेमलाला ती जागा हवी होती. पगार वाढला असता, ते होतेच. पण चव्वेचाळीस वर्षांत ती दत्तात्रेयमास्तरांची मुलगी होती, मुकुंदची बहीण होती, मांजलपूरच्या सोसायटीत 'पेलां उपरवाळां बेन', त्या वरच्या मजल्यावरच्या बाई, होती. कोणाचे काही नसलेला, नुसता तिचा असा शब्द तिच्या वाट्याला आला नव्हता. भाषाप्रमुख हा तसा शब्द होता. स्कूटीवरून येता-जाता तिने तो मनातल्या मनात पुष्कळदा उच्चारून पाहिला होता.

दुसरा उमेदवार रणवीर. पणजोबा संस्थानच्या फौजेत, हा इथे येण्याआधी प्रवासी जहाजावर वेटर. बंदराबंदरांतून स्पॅनिश वेचून आणलेले. व्याकरणाशी त्याचे वाकडे होते, पण आवाज मोठा होता.

मंगळवारी सगळे टेबलाभोवती बसले. अर्जेंटिनात 'डेम'ला मीना म्हणतात, असे प्रेमलाने सांगितले, तेव्हा हिशेब बघणाऱ्या मीनाबेनने चष्मा काढला आणि आपले नाव का घेतले म्हणून गुजरातीत विचारले. समजूत घालण्यात बराच वेळ गेला. मेक्सिकोत मुलीला चावा म्हणतात, हे रणवीरने सांगितले आणि दात दाखवून करूनही दाखवले. हसणे झाले. मग उत्कर्षने पुढचा शब्द वाचला.

"स्पिन्स्टर."

सगळ्यांनी एकदम पंख्याकडे पाहिले. पंख्यात पाहण्यासारखे काही नव्हते. तो बंद होता.

"प्रेमलाताईंना विचारा ना," रणवीर म्हणाला, अगदी सरळ चेहऱ्याने.

"अर्जेंटिनात सोल्तेरोना," प्रेमला म्हणाली. "मेक्सिकोत केदादा."

"पण फीलिंग काय आहे, बेन?" उत्कर्षने विचारले. त्याला प्रत्येक शब्दाचे फीलिंग लागे. क्लायंटला पाठवायच्या तक्त्यात तसा रकानाच होता.

"उरलेली," प्रेमला म्हणाली. "आपल्याकडे घोडनवरी म्हणतात, त्याच्या पुढची पायरी. घोडनवरीला निदान नवरी तरी म्हणतात."

कोणी हसले नाही. अर्धवट सोडायची तिला सवय नव्हती, म्हणून तिने हेही सांगितले की स्पॅनिशमध्ये अशा बाईला 'संतांना कपडे घालायला राहिलेली' असेही म्हणतात. संसार नाही, तेव्हा चर्चमधल्या मूर्तींना नटवत बसायचे.

मीनाबेनने एव्हाना चष्मा पुन्हा लावला होता. घरी ठाकोरजींना, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला, रोज ऋतूप्रमाणे कपडे शिवून घालणारी ती बाई.

"ए तो भाग्यशाळी कहेवाय," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली, त्यामुळे तिच्यावर रागावताही येईना.

तक्ता गेला. कंपनीच्या मेक्सिकोतल्या माणसांकडून उत्तर आले की काम उत्कृष्ट आहे, विशेषतः केदादा. हे इतक्या नेमकेपणाने कोणाला सुचले? उत्कर्षने सगळ्यांना पेढे दिले आणि प्रेमलाला केबिनमध्ये बोलावले.

"बसा, ताई," तो म्हणाला. एरवी तो बेन म्हणे. ताई म्हटल्याबरोबर तिला कळले.

रणवीरचे नुकतेच लग्न झाले आहे, असे त्याने सांगितले. घर घ्यायचे आहे, जबाबदारी आहे, माणसाला पुढे जायला काही कारण लागते. "तुम्हाला काय ताई, एकटा जीव. तुमच्या डोक्याला कशाला ताप?"

एसी चांगला गार होता. शाळेत असताना विभागप्रमुखाची जागा निघाली होती, तेव्हा मुख्याध्यापक तिला म्हणाले होते, तू काय, आज ना उद्या लग्न होऊन जाशील. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती.

"उत्कर्षभाई, एक विचारते," ती म्हणाली. "मधे एखादं वर्ष असं होतं का, की ज्या वर्षी मला अशी जागा मिळाली असती?"

उत्कर्षने खरोखर विचार केला. माणूस वाईट नव्हता.

"तेव्हा आपली कंपनी नव्हती ना, ताई," तो म्हणाला.

त्या दिवशी ती वाट वाकडी करून खंडेराव मार्केटला गेली आणि मेथीच्या दोन जुड्या घेऊन घरी आली. वहिनीला, चारुलताला, सगळे सांगितले. चारुलताने मेथी परातीत ओतून परात तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाली, बरंच झालं, वन्सं, तुम्हाला यायला आणखी उशीर झाला असता.

रणवीर भाषाप्रमुख झाला. त्याच्या टेबलावर नावाची पितळी पट्टी आली आणि तक्ता त्याच्या ताब्यात गेला. अडेल तिथे तो प्रेमलाला विचारी; नेहमीच अडे.

डीव्हीडी दिवाळीनंतर आल्या. दोन देशांसाठी दोन आवृत्त्या कंपनीला परवडेनात, म्हणून तिकडे सबंध खंडाला चालेल अशी एकच काढली होती. मीना, चावा, सोल्तेरोना, केदादा, सगळे काढून त्या जागी सरसकट एकच शब्द घातला होता, मुहेर. त्याचा अर्थ बाई.