न पाहिलेलं कडं

तलावाकाठच्या पंपघरात चार मोठ्या मोटारी होत्या आणि त्यांना तेल द्यायला दोन माणसं. सकाळी सहा ते दोन चंपत, दोन ते दहा भैयालाल; रात्री मोटारी बंद. दोघंही आमगावकडचे, धानाच्या बांध्यांतून उठून आलेले. सत्तावन्न साली एकाच गाडीनं पावर हाउस नावाच्या स्टेशनावर उतरले आणि कॅम्प-१ या मजूरवस्तीत एकमेकांपासून दोन ओळी सोडून राहिले. भैयालाल चार-पाच वर्षांनी मोठा, म्हणून चंपत त्याला भाऊ म्हणे.

पोलादाचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. जिकडे तिकडे खड्डे, लोखंडी सांगाडे आणि काँक्रीट. त्या सगळ्या काँक्रीटला आणि कॅम्पातल्या माणसांना पाणी लागे, ते या चार मोटारी उपसून देत. पंपघर एका ठेकेदाराकडे होतं. देखरेखीला रायपूरचे अच्युतसाहेब होते, नुकतेच इंजिनिअर झालेले, मराठी बोलणारे.

काम त्यांनीच दोघांना शिकवलं होतं. मोटारीच्या दांड्याची दोन्ही टोकं बेअरिंगमध्ये टेकलेली असतात. बेअरिंगला आतून मऊ पांढऱ्या धातूचं अस्तर असतं आणि खाली तेलाची कुंडी. दांड्यावर एक पितळी कडं सैल अडकवलेलं असतं. दांडा फिरला की कडंही हळूहळू फिरतं, खाली तेलात बुडतं आणि वर येताना तेल घेऊन येतं.

"म्हणजे रहाटच झाला," भैयालाल म्हणाला होता.

"रहाटच," साहेब म्हणाले. "पण लक्षात ठेवा. कुंडीत तेल भरणं सोपं आहे. खरं काम पाहण्याचं आहे. कडं अडकून थांबलं, तर कुंडी भरलेली असूनही बेअरिंग कोरडं पडतं."

चार मोटारी, आठ बेअरिंगं. दर तासाला आठही झाकणं उचलायची, आत कडं फिरतंय का ते पाहायचं आणि भिंतीवरच्या पाटीवर खडूनं आठ खुणा करायच्या. शेवटची फेरी पाळी बदलण्याच्या दहा मिनिटं आधी. त्यामुळे नव्या पाळीचा माणूस आपली पहिली फेरी अडीचला करी. आठ महिने हे असंच चाललं होतं, आणि आठ महिन्यांत एकदाही कुठलं कडं थांबलेलं चंपतनं पाहिलं नव्हतं.

चैत्र लागला होता. त्या दिवशी बारा वाजताची फेरी चंपतनं नीट केली. मग पायरीवर बसून भाकर खाल्ली. तलावावरून वारा येत होता. एक वाजला तेव्हा तो उठला, पाटीजवळ गेला, खडू घेतला आणि आठ खुणा केल्या. झाकणं उचलली नाहीत. पुन्हा येऊन पायरीवर बसला. दोनला दहा कमी असताना परत उठला आणि परत आठ खुणा केल्या.

दोन वाजता भैयालाल आला. सदरा खुंटीला अडकवत त्यानं विचारलं, "काई खबर?"

"काई नाई भाऊ. सारं चालू हाये."

चंपत घराकडे निघाला. कॅम्पाजवळ पोचतो न पोचतो तोच मागून सायकलवर पंपघराचा चौकीदार नरहरी हाका मारत आला. त्याच्या धोतराला काजळी लागली होती.

"चंपत! भैयालाल जळला गा!"

घडलं होतं ते असं. भैयालाल हात धूत होता तेव्हा त्याला जळक्या तेलाचा वास आला. तिसऱ्या मोटारीच्या पलीकडच्या बेअरिंगातून धूर निघत होता. त्यानं आधी धावत जाऊन मोटार बंद केली. पण एवढी मोठी मोटार, बटण पाडलं म्हणून लगेच थांबत नाही. दांडा फिरतच होता आणि आतलं अस्तर वितळून बाहेर ओघळत होतं. भैयालालनं झाकण उचललं आणि डब्यातलं तेल आत ओतलं. तापलेल्या धातूवर पडताच त्याचा भडका उडाला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले आणि तोंडाची डावी बाजू. नरहरीनं वाळू टाकून आग विझवली.

चंपत तसाच दवाखान्यात धावला. भैयालाल खाटेवर पडला होता, दोन्ही हात आणि अर्धं तोंड कापडात गुंडाळलेलं. उशाशी त्याची बायको शकुबाई पंख्यानं वारा घालत होती. चंपतला पाहून भैयालाल हळू आवाजात बोलू लागला.

"माहीच चूक हाये गा. आल्याबरोबर झाकण उघडून पाहाले पायजे होतं. मी हात धूत बसलो."

चंपत खाटेच्या पायथ्याशी येऊन थांबला.

"तूनं तं दोनच्या आधी पायलं होतं. तवा फिरत होतं ना?"

शकुबाईचा पंखा क्षणभर थांबला. तीही चंपतकडे पाहत होती.

"हो," चंपत म्हणाला. "फिरत होतं."

दुसऱ्या दिवशी अच्युतसाहेबांनी बेअरिंग खोललं. अस्तराचा गोळा होऊन तळाशी साचला होता. साहेबांनी तो गोळा हातात घेऊन फिरवून पाहिला.

"पंधरा-वीस मिनिटांत एवढं वितळेल असं वाटत नाही," ते म्हणाले. "पण खात्रीनं मलाही सांगता येत नाही. तुमची पाटी तर बरोबर आहे."

चंपतनं मान हलवली.

संध्याकाळी साहेब भैयालालचा जबाब घ्यायला गेले. भैयालालनं तो स्वतःहून दिला. चूक आपली, मागच्या पाळीवाल्यानं आपलं काम केलं होतं, आपणच वेळेवर पाहिलं नाही. साहेबांनी लिहून घेतलं, पण सही कशानं करणार? बोटं बांधलेली. बेस्तरवारी पट्ट्या बदलतील, तेव्हा दोन साक्षीदारांसमोर जबाब वाचून अंगठा घेऊ, असं ठरलं.

ते दोन दिवस चंपत कामाला जात होता. दर तासाला आठही झाकणं उचलत होता, तास भरायच्या आधी पुन्हा उचलत होता. बंद पडलेल्या तिसऱ्या मोटारीचीसुद्धा दोन्ही झाकणं तो उचलून पाही. घरी आला की ताटावरून उठून जाई. त्याची बायको रंभा रोज सकाळी शकुबाईकडे भाकरी पोचवायची, कारण शकुबाई दवाखान्यातून हलत नव्हती आणि घरी दोन लहान पोरी होत्या.

बुधवारी दिवेलागणीला रंभानं विचारलं, "तुमाले काय होऊन राहिलं?"

चंपतनं सांगितलं. चुलीकडे पाहत, एका दमात.

रंभा खाली बसली. मग म्हणाली, "अंगात ताप होता का त्या दिवशी?"

"नाई."

"डोस्कं दुखत होतं? झोप लागली?"

"नाई. जागाच होतो."

"मंग कावून नाई पायलं?"

"आठ मयने पायलं. रोज फिरे. मनलं, फिरतच असंन."

तिनं पदरानं हात पुसले, मग पुन्हा पुसले.

"शकुबाई मले काल दवाखान्यात सांगे," ती म्हणाली, "का चंपतभाऊनं तरी आपलं काम चोख केलं, आमच्याच माणसाचं नशीब खराब. माहा हात धरून सांगे." ती थांबली. "तुमी सांगा का नोका सांगू, पोरीइले भाकर मी नेऊन देईन. पण तिच्या तोंडाकडे पाहणं आता माह्यानं होनार नाई."

बेस्तरवारी सकाळी चंपत साहेबांच्या पत्र्याच्या कचेरीत गेला. साहेब जबाबाचा कागद घेऊन दवाखान्यात निघायच्या बेतात होते.

"साहेब, त्या दिवशी मी एकची फेरी केली नाई. दोनच्या आधीचीबी नाई. खुणा केल्या, झाकणं उघडली नाई."

साहेब खुर्चीत परत बसले.

"हे तुम्हाला कुणी सांगायला लावलं?"

"कोनी नाई."

"बरं नव्हतं का तुम्हाला?"

"होतं."

"कुणी बोलावलं असेल, बाहेर जावं लागलं असेल. काहीतरी कारण असेलच ना, चंपत."

"कारण असतं तं साहेब, मी पयल्याच दिवशी सांगितलं असतं."

अच्युतसाहेब वयानं चंपतपेक्षा लहान होते. त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि तो हातात धरून बसले.

"काय लिहू मी?"

"लिवा, पायलं नाई."

त्यांनी लिहिलं. भैयालालचा कागद फाडला. मग म्हणाले, "हे त्याला मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

दवाखान्यात भैयालालच्या पट्ट्या नुकत्याच बदलल्या होत्या. डावा डोळा गेला, असं डॉक्टरांनी त्याच सकाळी सांगितलं होतं. चंपतला ते माहीत नव्हतं. खाटेपासून दोन हातांवर उभं राहून त्यानं साहेबांना सांगितलं तेच शब्द पुन्हा सांगितले.

भैयालाल वर छताकडे पाहत होता. त्यानं विचारलं, "मंजे मी आलो तवा ते थांबलंच होतं?"

"असंन."

"मी तुले इचारलं होतं, चंपत. याच खाटेवर इचारलं होतं."

"हो, भाऊ."

"त्या दिवसापासून मी रोज हिसाब लावून राहिलो. हात धुवाले किती येळ लागला, सदरा काढाले किती येळ लागला." त्याचा आवाज चढला नाही. "कडं पायलं नाई, ते एक झालं. पण ते तीन दिवस तूनं मले कावून देल्ले?"

शकुबाईनं पंखा खाली ठेवला. "जा तुमी," ती म्हणाली. "आता जा."

चंपतला तेलाच्या कामावरून काढलं. तो काँक्रीटच्या टोळीत गिट्टी वाहू लागला. रंभा दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन गेली तेव्हा शकुबाईच्या थोरल्या पोरीनं अर्धंच दार उघडलं आणि म्हणाली, "आईनं नाई मनलं." रंभा भाकरी घेऊन परत आली. त्या भाकरी त्या दिवशी घरात कुणी खाल्ल्या नाहीत.

भैयालाल पाच महिन्यांनी दवाखान्यातून सुटला. हातांची कातडी आखडून बोटं आत वळली होती. त्याला कारखान्याच्या फाटकावर बसवलं. येणाऱ्या गाड्या पाहायच्या आणि दोर ओढून अडसर वर करायचा. दोर तो मनगटाला गुंडाळून ओढी. चंपत सकाळी त्याच फाटकातून आत जाई. दोघांची नजरानजर होई, बोलणं नाही. असं दोन वर्षं चाललं.

साठ साली तापलेलं पोलाद लाटणाऱ्या लाटण-गिरणीची मोटारघरं तयार झाली. तिथं चारदोन नव्हे, शेकड्यांनी मोटारी बसत होत्या, आणि तेल देणारी माणसं कोवळी, काल-परवा गावाकडून आलेली. अच्युतसाहेब आता तिकडे होते. ते फाटकावर आले आणि भैयालालला म्हणाले, "या लोकांना शिकवायला तुम्ही हवे."

भैयालालनं एक दिवस मागितला. त्या संध्याकाळी तो चंपतच्या दारात येऊन उभा राहिला. रंभानं लगबगीनं बाज टाकली. तो बसला नाही.

"साहेबानं बलावलं हाये, नव्या पोरायले शिकवाले," तो म्हणाला. "तोंडानं सांगता येते मले. पण झाकण उचलता येत नाई, बेअरिंग खोलता येत नाई. मले हात पायजे."

चंपत उठून दाराशी आला.

"मी माफ केलं असं समजू नोको. ते माह्यानं होत नाई, मी करून पायलं. पण तू आता पायल्याबिगर खूण करनार नाईस, हे मले ठाऊक हाये. दुसऱ्या कोनाचं मले ठाऊक नाई."

"साहेब मले घेतीन?"

"मी सांगितलं साहेबाले. तुह्याबिगर मी येत नाई मनलं."

चंपतनं मान खाली घातली. रंभा दाराआड रडत होती, ते दोघांनाही ऐकू येत होतं.

पहिल्या दिवशी मोटारघरात अकरा माणसं समोर उभी होती. भैयालाल सांगत होता आणि चंपतचे हात ते करून दाखवत होते. झाकण कसं उचलायचं, तेल किती भरायचं, बेअरिंगवर तळहात ठेवून ताप कसा ओळखायचा. शेवटी भैयालालनं आपले दोन्ही हात पुढे केले आणि सगळ्यांना पाहू दिले. मग चंपतकडे वळून म्हणाला, "आता तू सांग."

चंपतनं सांगितलं. खुणा केल्या ते सांगितलं, आणि खाटेजवळ उभं राहून खोटं बोललो तेही सांगितलं. दर वर्षी नवी माणसं येत आणि दर वर्षी तो हे सांगे. सवयीनं ते सोपं झालं असतं तर त्यालाच बरं वाटलं असतं. पण ते सोपं झालं नाही.

दोघांची पाळी आता एकच होती. हिवाळ्यात पहाटे कामावर जाताना भैयालालला कोटाची बटणं लावता येत नसत आणि बायकोकडून लावून घ्यायची त्याला लाज वाटे. तो कोट उघडाच ठेवून निघे. कॅम्पाच्या वळणावर चंपत थांबलेला असे. तो पाचही बटणं लावी, आणि दोघं चालू लागत. दुपारी घरी आल्यावर शकुबाई ती बटणं काढी. ती कुणी लावली हे तिला ठाऊक होतं. तिनं नवऱ्याला त्याबद्दल कधी विचारलं नाही, आणि चंपतशी ती पुढे कधीच बोलली नाही.