डाव्या कौलानंतर

देवळाच्या गाभाऱ्यात भर दुपारीही पहाटेसारखा उजेड असे. मृणाली खांबाला टेकून बसे, मांडीवर वही, आणि देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवलेल्या ओल्या पाकळ्यांकडे बघत राही. पाकळी हळूहळू सुके, तिची कड सुटे, आणि बाहेर समुद्राची गाज चालू असताना ती अलगद खाली येई. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. कौल लावणारे गुरव म्हणजे तिचे वडील, आप्पा.

वही कॉलेजची होती. रत्नागिरीत तिला समाजशास्त्र शिकवणाऱ्या योगिनी मॅडमनी काम दिलं होतं. जे इतकं सवयीचं आहे की दिसतच नाही, ते दोन महिने नुसतं बघा. खरं की खोटं ते आत्ता ठरवू नका. कोणी विचारलं, काय विचारलं, पुढे काय झालं, एवढंच लिहा.

मृणालीने एक्केचाळीस कौल लिहिले. बेचाळिसावा तिचाच असणार होता, हे तिने वर्गात कोणाला सांगितलं नव्हतं. एम.ए.साठी तिला पुण्याला जायचं होतं. आई गेल्यापासून घरात ती आणि आप्पा दोघंच. तुम्हाला काय वाटतं, असं तिने तीनदा विचारून पाहिलं, तिन्ही वेळा ते म्हणाले, देवीला विचारू.

वर्गात तिने तक्ता वाचला. सत्तावीस उजवे, चौदा डावे.

"म्हणजे आप्पा उजवीकडची पाकळी जरा सैल लावतात तर," मागच्या बाकावरून निहार म्हणाला. वर्ग हसला. मृणालीचे कान तापले.

मॅडम हसल्या नाहीत. शंका रास्त आहे, म्हणाल्या, पण एक्केचाळीस वेळा नाणं उडवलं तरी कधीकधी एवढा फरक पडतो. आणखी मोजल्याशिवाय कोणाच्या हाताबद्दल काही म्हणता येणार नाही. मग त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "या चौदा जणांनी पुढे काय केलं?"

मृणालीने पानं उलटली. तिघे मुकाट घरी गेले होते. अकरा जणांनी तिथेच, शब्द फिरवून, पुन्हा कौल लावायला सांगितला होता. 'होडी घेऊ का'चं 'दिवाळीनंतर घेऊ का' झालं होतं. हे तिनेच लिहिलं होतं, पण आजवर वाचलं नव्हतं.

"आपण पाकळीकडे बघत बसतो," मॅडम म्हणाल्या, "या अकरा माणसांकडे कोणी बघत नाही."

रविवारी दुपारी देऊळ रिकामं होतं. आप्पांनी अंघोळ करून पाकळ्या भिजवल्या, लावल्या, आणि पोरीला पुण्याला पाठवू का, असं देवीला विचारलं. मृणाली वही घेऊन खांबापाशीच बसली. दिव्याची ज्योत हलत होती, आणि देवीचे डोळे मिटल्यासारखे, उघडल्यासारखे वाटत होते. किती वेळ गेला, कळलं नाही.

डावी पाकळी पडली.

मृणालीने खाली मान घालून 'डावा' लिहिलं. स्वतःच्या घरचा कौल आप्पा पुन्हा लावत नसत. आईच्या आजारपणातही लावला नव्हता. ते त्या मुकाट घरी जाणाऱ्या तिघांसारखेच होते. तिने पेनाचं टोपण लावलं.

पाण्याचा आवाज आला म्हणून तिने वर बघितलं. आप्पा दोन नव्या पाकळ्या भिजवत होते. एक पाकळी त्यांनी उजव्या खांद्यावर लावली, एक डाव्या. डावी अंगठ्याने जरा जास्तच दाबली, हे तिला स्पष्ट दिसलं.

"आई," ते देवीला म्हणाले, "पोर पुण्याला तर जाणारच हाय. तिकडे तिला सांभाळशील ना, तेवढं सांग."

मृणालीने वही पुन्हा मांडीवर ओढली.

"लिहिलंस काय गो?" मागे न वळताच आप्पांनी विचारलं.

"लिहिते."

"अंगठ्याचं पण लिही. तुझ्या मॅडमना खोटं नको सांगू."

तिने टोपण काढलं. कौल त्रेचाळिसावा. विचारणारा: आप्पा. शब्द फिरवून. डावी पाकळी दाबून लावली. पुढे काय झालं, तो रकाना तिने रिकामा ठेवला. दोन्ही पाकळ्या अजून ओल्या होत्या, आणि दोघंही वाट बघत बसली.