त्र्याऐंशीची का सत्त्याऐंशीची

ढाणकीच्या पुंडलिकरावांच्या शेडमध्ये दोन मॅटाडोर उभ्या होत्या आणि त्यांच्यापायी प्रेमसिंगची झोप उडाली होती. एक त्र्याऐंशीच्या मॉडेलची, दुसरी सत्त्याऐंशीची. पुंडलिकरावांचा मुलगा अंकुर याला त्या शेडमध्ये सोयाबीन भरायचं होतं. एक तरी गाडी हलवा, असा धोशा त्यानं बापामागं लावला होता. पुंडलिकरावांचा जीव दोन्हींवर. शेवटी त्यांनी प्रेमसिंगला बोलावणं धाडलं.

"प्रेमसिंगभाऊ, भंगारवाल्याले देणं माह्याच्यानं होत नाही," ते म्हणाले. "तुमी जवानीभर अशीच गाडी चालवली. दोन्हीतली एक तुमी न्या. कोणती न्याची ते तुमीच ठरवा. उरन ते माही."

एवढं चांगलं बोलणं कानावर पडल्यावर कुणाचाही चेहरा खुलावा. प्रेमसिंगचा उतरला. तो रोज काही ना काही निमित्त काढून तांड्यावरून ढाणकीला यायचा, शेडमध्ये शिरायचा, एका गाडीभोवती फिरायचा, मग दुसरीभोवती, आणि पुंडलिकरावांकडचा चहा पिऊन तसाच परत जायचा. मुलगी पाहायला आलेले पाहुणेसुद्धा इतका वेळ लावत नाहीत.

त्याचा पोरगा लखन याला ही सगळी भानगडच पटत नव्हती. हळद आणि भाजीपाला बाजारात न्यायला गाडी हवी, हे कबूल; पण त्यासाठी शोरूममधली नवीकोरी पिकप सोडून आपला बाप दोन म्हाताऱ्या गाड्यांत जीव का अडकवून बसलाय, ते त्याला कळेना.

"नवी बिघडली तर मी तिले हात लावू शकतो का?" प्रेमसिंग म्हणायचा. "हे गाडी मले ओळखते."

ते खरंच होतं. प्रेमसिंगचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडायचे. बापानं बैलांच्या जागी मॅटाडोर आणली आणि प्रेमसिंगला मिसरूड फुटायच्या आत तिच्या चाकामागं बसवलं. कापूस, तूर, लग्नाची वऱ्हाडं, पोहरादेवीच्या यात्रेला निघालेली माणसं, सगळं त्यानं त्या एका गाडीत वाहिलं. बापू वारला त्याच साली ती गाडी विकावी लागली. तेव्हापासून प्रेमसिंग शेती करत होता आणि बरी करत होता. पण रस्त्यानं एखादी मॅटाडोर गेली की हातातलं काम थांबवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचा.

आता अडचण काय होती ते सांगतो. ड्रायव्हर प्रेमसिंगला त्र्याऐंशीची हवी होती. तिचं इंजिन सुरू केलं की पहिल्याच हाकेला ओ देणारं, गोड. हौदा उघडा, सागवानी फळ्यांचा, मागचा फाळका खाली पाडला की शेतातून सरळ पोतं आत. पण तिच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसायची जागा म्हणजे नुसता पत्रा आणि त्यावर टाकलेलं एक गोणपाट. डावीकडचं दार सुतळीनं बांधलेलं.

सत्त्याऐंशीची मात्र केबिनमध्ये नटलेली. पुंडलिकरावांनी हौसेनं तिला गाद्या बसवून घेतल्या होत्या, खिडकीला पडदा, पुढं आरसा. डावी सीट तर अशी, की बसणारा माणूस उठायचं नाव घेऊ नये. मागचा हौदा बंद पत्र्याचा, पेटीसारखा. इंजिन जरा कुरकुरं. ड्रायव्हर प्रेमसिंगला ती आवडली नव्हती. पण नवरा प्रेमसिंगला तीच हवी होती, आणि सारा घोळ तिथंच होता.

झालं असं की मागच्या महिन्यात लखन आणि सून जया शेजाऱ्याची पिकप घेऊन उमरखेडला गेली होती. येताना प्रेमसिंगनं त्यांना पाहिलं. जया पुढं नवऱ्याशेजारी बसलेली, पाय वर घेतलेले, शेंगा सोलतेय, एक आपल्या तोंडात, एक लखनच्या तोंडात, आणि तोंडाचा पट्टा चालू. प्रेमसिंग बांधावर उभा होता. त्याला पोराचा राग नाही आला. त्याला हेवा वाटला, आणि या वयात पोराचा हेवा वाटतो याची मग लाज वाटली.

कारण त्याची बायको मानीबाई त्याच्या शेजारी कधी बसलीच नव्हती. त्यांच्या काळी सून सासऱ्यासमोर घुंगट ओढून दूर बसायची, आणि सासरा जिथं बसेल तिथं तर तिनं टेकायचंही नाही. प्रेमसिंगचा बापू गाडीत कायम पुढं. बाजार असो, लग्न असो, डावी जागा बापूची. मानीबाई मागं हौद्यात, पोत्यांवर. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना ती अशीच मागं बसली होती आणि प्रेमसिंगनं उतरवून घेताना कुणाला ऐकू जाणार नाही असं तिला सांगितलं होतं, "एक दिवस तुले पुढं बसवीन." तिनं नुसता घुंगट सावरला होता. बापू गेला तेव्हा जागा रिकामी झाली, पण गाडीच राहिली नाही. बोललेलं तसंच राहून गेलं आणि प्रेमसिंगच्या मनात घर करून बसलं.

बुधवारी त्यानं ठरवून टाकलं. सत्त्याऐंशीची. इंजिन कुरकुरलं तर कुरकुरू दे. या वयात आपणही कुरकुरतोच.

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या नावाखाली तो मानीबाईला घेऊन ढाणकीला निघाला. घरात दोघं बंजाऱ्यांच्या गोरबोलीतच बोलायची. ती जशीच्या तशी इथं लिहिली तर निम्म्यांच्या डोक्यावरून जाईल, म्हणून मी आपली वऱ्हाडीच ठेवतो.

"बाजार तिकडं राह्यला," मानीबाई म्हणाली. "इकडं कुठं नेऊन राह्यले?"

"चाल तर खरी."

शेडपाशी पुंडलिकराव, त्यांच्या पत्नी विजयमाला आणि अंकुर अशी तिघंही उभी होती. प्रेमसिंगनं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळं सगळ्यांच्या तोंडावर हसू. प्रेमसिंगनं सत्त्याऐंशीचं डावं दार उघडलं. त्यानं सकाळीच येऊन सीट पुसून ठेवली होती.

"बस," तो म्हणाला.

मानीबाई गाडीकडं बघत राहिली, मग त्याच्याकडं, मग चढून बसली. गादी हातानं दाबून पाहिली. पडदा सरकवला, परत लावला. आरशात स्वतःकडं एकदा बघितलं आणि नाक मुरडलं. प्रेमसिंग दाराची मूठ धरून उभा.

"कशी हाये?"

"बरी हाये," मानीबाई म्हणाली आणि खाली उतरली.

ज्यांचं लग्न जुनं झालंय त्यांना हे "बरी हाये" ठाऊक असेल. प्रेमसिंगला तर ते चांगलंच ठाऊक होतं.

मानीबाई गाडीच्या मागं गेली. बंद पत्र्यावर तिनं बोटांनी टकटक केलं. "याच्यात काय बकऱ्या कोंडाच्या हायेत?" ती म्हणाली. अंकुर हसला. मग ती सरळ त्र्याऐंशीकडं वळली, फाळक्याची कडी काढली, तो धाडकन खाली पडला, आणि कुणी हात द्यायच्या आत, गुडघ्यावर हात रोवून, ही बाई हौद्यात चढली. पाठ केबिनला टेकवून, पाय पसरून, फळ्यांवर ऐसपैस बसली.

"हे घ्या," ती म्हणाली.

"मानी, तिची पुढची सीट पाह्यली का? नुसता पत्रा हाये."

"असू द्या ना. मले कुठं पुढं बसाचं हाये."

प्रेमसिंगला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काहून?"

"पुढं बसून काय पाहू? तुमचा बापू पाहे तेच? पुढून नुसता रस्ता अंगावर येते."

प्रेमसिंगच्या हातात सत्त्याऐंशीची किल्ली होती आणि ती एकदम जड लागायला लागली. खरं सांगायचं तर तो रडायच्या बेतात होता. इतकी वर्षं एक गोष्ट छातीशी धरून ठेवायची, आणि ज्याच्यासाठी ठेवली त्या माणसानं म्हणावं, मला हे नकोच होतं.

"तुले कधीच बसाचं नोतं पुढं?" त्यानं विचारलं.

"तुमी कधी इचारलं?"

विजयमालाबाईंनी पदर तोंडाला लावला. पुंडलिकराव उगाच चाकाची हवा बघायला लागले.

मानीबाईच्या लक्षात आलं की आपलं बोलणं याच्या फार आत लागलंय. तिचा आवाज खाली आला. "इकडं या. अजून जवळ या. सांगते." तो फाळक्याशी जाऊन उभा राहिला. "घरात सासू, सासरा, थोरला दीर. अंगणात तांडा. तोंडावरचा घुंगट कधी निंगेच ना. तुमी गाडी चालू केली, तांड्याचं आखरी घर मागं गेलं, की मी घुंगट फेकून देओ. बापूची पाठ माह्याकडं, तुमचीबी पाठ माह्याकडं. मले पाह्याले कोणी नाही. सारा डोंगर, सारं जंगल, सारं आभाळ माह्यं. मी तिथं गाणे म्हणो."

"गाणे?"

"मोठ्यानं. माहेरचे सारे गाणे."

"मले कधी ऐकू नाही आले."

"कशे येतीन? इंजिन तुमच्या मांडीपाशी."

प्रेमसिंगनं हिच्या जोडीनं शेतं कसली, पोरं वाढवली, दोन्हीकडची म्हातारी माणसं मसणात पोचवली. आणि ही बाई त्याच्या पाठीमागं, हातभर अंतरावर, एका पत्र्याआड, वर्षानुवर्षं गात होती. त्याला वाईट वाटलं. पण नुसतं वाईट नाही. तिच्याजवळ तिचं असं काहीतरी होतं, या गोष्टीचं त्याला फार बरंही वाटलं, आणि आपण तिला ज्या जागी बसवलं म्हणून कुढत होतो ती जागाच तिनं आपली करून टाकली होती, हे लक्षात येऊन तो हसायला लागला. मानीबाईला आधी कळेना, मग तीही हसली.

"मंग हेच नेतो, पुंडलिकराव," तो म्हणाला. "त्र्याऐंशीची."

"मी बी हेच म्हणत होतो," पुंडलिकराव म्हणाले. त्यांनी असं काहीही म्हटलेलं नव्हतं.

एक चक्कर मारून बघायचं ठरलं. अंकुरनं किल्ली आणून प्रेमसिंगपुढं धरली. प्रेमसिंगनं हात पुढं केला, आणि मागं घेतला. चाकामागं तो बसला तर मानी पुन्हा मागंच राहणार होती, आणि त्याची पाठ पुन्हा तिच्याकडं.

"तू चालव, अंकुर," तो म्हणाला.

"मी? काका, तुमी असतानी मी?"

"तूच चालव. पण बेतानं."

आपली गाडी दुसऱ्याच्या हातात प्रेमसिंगनं कधी दिली नव्हती. बापूनं मागितली तरी तो कुरबुर करायचा. आज तो फाळक्याशी आला. मानीबाईनं वरून हात दिला. तो चढला, धडपडला, तिनं दंडाला धरून त्याला शेजारी ओढून घेतलं.

गाडी बिटरगावच्या रस्त्याला लागली. सवयीनं प्रेमसिंग मान वळवून केबिनवरून पुढं बघायला लागला. समोरून बैलगाडी येतेय, हा पोरगा गिअर कधी बदलणार, अशी त्याची घालमेल.

"इकडं पाहा," मानीबाई म्हणाली आणि त्याची हनुवटी धरून तोंड मागं फिरवलं.

त्याच रस्त्यावर प्रेमसिंगनं निम्मं आयुष्य काढलं होतं, पण तो असा कधी पाहिला नव्हता. गावाची घरं, पळस, कपाशीचे तुकडे, पुलावर बसलेली माणसं, सगळं आधी जवळ असायचं आणि मग हळूहळू, अगदी निवांत, लहान होत जायचं. कशाचीही घाई नव्हती. शेवटचं घर मागं पडलं तशी मानीबाईनं डोक्यावरची ओढणी खांद्यावर टाकली. पांढरे केस वाऱ्यावर उडायला लागले. आणि तिनं गाणं सुरू केलं.

इंजिनाचा आवाज होताच. प्रेमसिंगला नुसते तिचे ओठ हललेले दिसले. "आवाज नाही येऊन राह्यला!" तो ओरडला.

"मंग जवळ सरका ना!"

तो सरकला. अगदी खांद्याला खांदा लागेपर्यंत. आता ऐकू आलं. आवाज म्हातारा झाला होता, मधेच चिरत होता, एक ओळ ती विसरली आणि तिथं नुसतंच गुणगुणली. प्रेमसिंग डोळे मिटून ऐकत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि वाऱ्यानं आले असं सांगायची त्याला गरज वाटली नाही.

तेवढ्यात मागून एक मोटरसायकल आली. तांड्याचे प्रमुख, नाईक, वयानं मोठे, मानाचे. त्यांना बघताच प्रेमसिंग जुन्या वळणानं चटकन बाजूला सरकू लागला. थोरल्या माणसासमोर बायकोला असं चिकटून बसायचं म्हणजे काय! पण मानीबाईनं त्याची बाही धरली होती, आणि ती काही सोडेना. तो होता तिथंच बसला.

नाईकांनी मोटरसायकल गाडीच्या बरोबरीनं आणली.

"प्रेमसिंग, गाडी घेतली का?"

"हाव, घेतली!"

"मंग असा मागं काहून बसला? पुढं जागा नाही का?"

"हाये ना," प्रेमसिंग इंजिनाच्या वरताण ओरडला. "पण मानी इथं बसते!"