अडुसष्ट सालची सुमंगला

वाटीतल्या पाण्यात ती बोटाएवढी चपटी पट्टी आजही पडलेली होती — वरणाची वाटी, तिची, पेडगावहून माहेराकडून आलेली — आणि पट्टीच्या टोकाला मार्तंडरावांच्या ओठांचा तपकिरी डाग. सॅक्सोफोनला लावायच्या आधी ही रीड भिजवावी लागते, कोरडी वाजत नाही, हे तिला लग्नानंतर आठवडाभरातच कळलं होतं. वाटी दुसरी घ्यावी हे मात्र त्यांना आजवर कळलं नव्हतं. काढून बाजूला ठेवावी म्हणून तिनं हात पुढं केला... तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून व्यंकटरावांचा आवाज आला, "म्हणजे ‘सुमंगला’ ही रेकॉर्ड अडुसष्ट सालची."

हात तसाच राहिला.

"हां," मार्तंडराव म्हणाले. मग जरा थांबून, आवाज उतरवून, "अडुसष्ट का एकोणसत्तर. त्या सुमारास."

आणि आमचं लग्न एकाहत्तरचं.

चहा उतू गेला तेव्हा ती भानावर आली. व्यंकटराव परभणीच्या एका बँकेत साहेब. जुन्या रेकॉर्डी गोळा करायचा भारी नाद. कुठूनशी मार्तंडरावांची रेकॉर्ड त्यांच्या हाती लागली, ती वाजवणारा माणूस आपल्या शेजारी सेलूत राहतो हे कळलं, आणि रविवार गाठून टेपरेकॉर्डर घेऊन ते सकाळच्या गाडीनं आले होते — सगळी हकीकत टेप करतो म्हणून. चांगला माणूस. त्याला काय ठाऊक, आत कोण ऐकतंय. पण ह्यांनी आवाज का उतरवला? ज्यांचा साधा खोकला तीन घरं पलीकडं ऐकू जातो, त्यांनी एवढ्या एका वाक्याला आवाज उतरवायचा? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

ती चहा घेऊन बाहेर गेली. मार्तंडरावांनी तिच्याकडं पाहिलं नाही. एरवीही कुठं पाहतात म्हणा, पण आजचं न पाहणं वेगळं होतं, मुद्दाम केलेलं.

"ह्याच का त्या?" व्यंकटराव कौतुकानं म्हणाले. "वहिनी, तुमी तर रेकॉर्डीवर हाव!"

"हाव तर," ती हसून म्हणाली, आणि कपबशा ठेवून आत येईपर्यंत ते हसू तिच्या तोंडावर नुसतं चिकटून राहिलं.

लग्नातलं ते ताट पितळेचं होतं. तांदूळ पसरलेले, आणि नणंद कस्तुराबाई ताट धरून बसलेल्या. लग्न लागून घरात आल्यावर नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं, मग ते तिच्या कानात सांगायचं, मग साखर वाटायची. नाव काय लिहायचं ते ठरलेलंच होतं. मुलगा मार्तंड, म्हणजे खंडोबाच. मग सून म्हाळसा. सासूबाई पार्वतीबाईंनी महिनाभर आधीच घरोघर सांगून ठेवलं होतं, आणि बायकाही चेष्टेनं विचारत होत्या, म्हाळसा तर आली, बाणाई कधी आणता? तर ह्यांनी अंगठी घेतली आणि एकदाही न थांबता लिहिलं — सुमंगला. कस्तुराबाईंच्या हातातलं ताट हललं. सासूबाई म्हणाल्या, "हे कुठलं रे?" हे सरळ माझ्या कानाशी वाकले. सुमंगला. एका क्षणात माहेरची चतुरा गेली, आणि मला तिचं काही वाटलंसुद्धा नाही. कारण आईचा शब्द मोडून हा माणूस माझ्यासाठी स्वतःच्या मनातलं नाव काढतोय... सासूबाई मरेपर्यंत माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. तेही मी सोसलं, त्या एका नावावर सोसलं. दुसरं काय होतं माझ्याजवळ? हे मुंबईत, मी इथं शाळेत पोरांना बाराखडी शिकवत. सहा-सहा महिने तोंड दिसायचं नाही.

एकदाही न थांबता. हात बसलेला होता, म्हणूनच ना!

बाहेर मार्तंडराव सांगत होते. आधी सेलूच्या लग्नाच्या बँडात क्लॅरनेट, मग सिकंदराबादला एका ख्रिस्ती मास्तरकडं सॅक्सोफोन, मग मुंबई. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला मागच्या रांगेत. स्वतःच्या चालींच्या रेकॉर्डी दोनच निघाल्या, लोकांनी घेतल्या नाहीत. पुढं हॉटेलवाल्यांनी टेपा लावायला सुरुवात केली आणि बँड बंद पडला. हे सगळं तिला पाठ होतं, तरी आज ती प्रत्येक वाक्य उलटून पाहत होती, भाजी निवडताना पानामागं अळी असते तशी काही आहे का म्हणून.

"जॅझ म्हणजे काय, मार्तंडराव? माझ्या बायकोला सांगता येईल असं सांगा."

"चाल एकदा सरळ वाजवायची. मग तिला सोडून लय लांब जायचं. जिकडं वाटलं तिकडं. आन् शेवटी परत यायचं."

परत यायचं. वा! आणि लांब म्हणजे कुठं, तेही सांगा की एकदा.

रेकॉर्ड तिनं पहिल्यांदा पाहिली ती लग्नानंतर, ट्रंकेत. मधोमध छापलेलं आपलं नाव पाहून कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. तशीच उचलून ती पेडगावला घेऊन गेली — तिथं कुणाकडं ग्रामोफोन नव्हता, पण नाव तर वाचता येत होतं. वडिलांनी, किशनरावांनी, रेकॉर्ड कपाळाला लावली. "माझ्या लेकीच्या नावाची हाय," साऱ्या गल्लीला सांगितलं. पण हे कधी म्हणाले होते का, तुझ्यासाठी केली म्हणून? तिनं आठवून पाहिलं. मीच म्हणाले. वडील म्हणाले, शेजारी म्हणाले. हे फक्त हसले. साल कधी कुणी विचारलंच नाही... बाई, केवढी मी येडी!

आणि नावात काय आहे असं म्हणावं, तर तेही जमेना. विद्यापीठाच्या नामांतरावरून अठ्ठ्याहत्तरला ह्याच मुलखात दलितांची घरं जाळली, माणसं मारली, आणि नाव अजून तिथंच लोंबकळतंय. परवाच शाळेत कुसुमबाई म्हणाल्या, "नुसत्या नावापायी लोक कशाला एवढे जिवावर उदार होतात, कळत न्हाई बघा." तेव्हा ती गप्प बसली होती. आज त्या समोर असत्या तर सांगितलं असतं — नुसतं नसतं हो नाव. माणूस त्यात राहतो. आणि मी ज्यात राहिले ते कुणाचं तरी रिकामं झालेलं घर निघालं तर?

व्यंकटरावांनी रेकॉर्ड लावली. सुरुवातीचे ते चार सूर, मग वर चढणं, मग तो लांबलेला खालचा सूर — शंभरदा ऐकलेला, आणि दरवेळी तिला वाटायचं, हा आपल्याला हाक मारतोय. आज ती त्यात दुसरीचा चेहरा शोधत होती. उंच असेल. गोरी असेल. हॉटेलात पुढच्या टेबलाशी बसणारी? का गाणारी? नाव तर आपल्यातलंच आहे. म्हणजे कुणाची तरी घरंदाज मुलगी, दिली नसेल तिच्या बापानं बँडवाल्याला. मग चिडून पेडगावची केली... तिला त्या बाईचा संताप आला, आणि लगेच दयाही आली, आणि दया आल्याचा जास्तच संताप आला.

दुपारच्या गाडीनं व्यंकटराव गेले. मार्तंडराव ओसरीत बसून जुन्या धोतराच्या फडक्यानं सॅक्सोफोन पुसू लागले. ऊन कलायला आलं होतं. ती उंबऱ्यात उभी राहिली.

"कोण होती ती?"

"कोण?"

"अडुसष्टची."

त्यांना समजायला वेळ लागला, का वेळ लागल्यासारखं केलं, देव जाणे. मग ते हसले. "येडी का काय गं तू? कंपनीच्या माणसानं इच्यारलं, चालीला नाव काय. मी सांगितलं सुमंगला. सुचलं."

"असंच? आभाळातून पडलं?"

"तसंच समज."

"आन् ताटात? तिथंबी पडलं?"

ते फडकं फिरवत राहिले. "आई म्हाळसा म्हणत होती. मी तुझ्याकडं बघितलं. तू मान खाली घालून बसली होतीस, घाबरून. तुला काहीतरी चांगलं द्यावं वाटलं. माझ्याजवळ चांगलं म्हणून तेवढंच होतं. दिलं."

इतकं चांगलं ते आजवर कधी बोलले नव्हते... आणि म्हणूनच. इतकं चांगलं उत्तर माणसाला आयत्या वेळी सुचतं का? किती वर्षं घोटून ठेवलं असेल, मी कधीतरी विचारीन म्हणून? आणि खरं असलं तर? तर बाई नाहीच कुणी. बाई असती तर भांडता आलं असतं, रडता आलं असतं, माहेरी जाता आलं असतं. चालीशी काय भांडू?

"तोंड का पाडलंस?" मार्तंडराव म्हणाले. "एवढं लागायलंय तर ऱ्हाऊ दे ते नाव. माहेरचंच घे तुझं. चतुरा ना?"

त्यांनी सॅक्सोफोन मांडीवरून खाली ठेवला. "चतुरा," ते म्हणाले, नुसतं बघावं म्हणून. मग पुन्हा, हळू, मधलं अक्षर जरासं लांबवत, डोळे मिटून, "चतुरा."

ती गर्रकन वळली. मागं घरात कुणी नव्हतं.

इतक्या वर्षांत सुमंगलेला त्यांनी एकदाही अशी हाक मारली नव्हती. पाणी आण, दार लाव, रीड कुठं ठेवलीस, ह्यासाठी तेवढी सुमंगला. आणि हिला डोळे मिटून! अशी कोण लागून गेली ही? पेडगावची, दोन वेण्या घातलेली, ह्यांनी कधी धड पाहिलेलीसुद्धा नाही, हिच्यासाठी ह्यांनी काय सोसलं, हिनं ह्यांच्यासाठी काय सोसलं? सासूचं बोलणं मी खाल्लं, रात्री मी काढल्या...

"ते नाव घेऊ नका," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"अगं, तुझंच हाय ते."

"असू दे. घेऊ नका."

मार्तंडराव तिच्याकडं बघत राहिले, आणि त्या बघण्यात त्यांना आता कोण दिसतंय, एवढंच ती उंबऱ्यात उभी राहून शोधत होती.