व्हय म्हाराजा

हरिश्चंद्र गावकरांचा आवाज म्हणजे वेंगुर्ल्याजवळच्या त्या खाडीकाठच्या गावाचा मान. देवळात नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच. त्यांनी "बा देवा म्हाराजा" म्हणायचं आणि गावाने एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं, तेव्हा कुठे पुढचं वाक्य. चैत्रात त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. हातपाय हळूहळू सावरले, पण शब्द काही केल्या बाहेर पडेनात.

सावित्रीने मग काय केलं? बायको करते तेच. नवऱ्याने तोंड उघडायच्या आत चहा पुढे, मान वळवायच्या आत चष्मा नाकावर. "तेंका बोलूचे कष्ट कित्याक?" असं वर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. चार महिन्यांत गावकरांचं "अं" सुद्धा बंद झालं. एकेचाळीस वर्षं "अगो" म्हणून हाक मारणारा माणूस समोर बसलेला आणि हाक नाही, याने तिचा जीव तुटायचा. तेवढी हाक परत यावी, बाकी तिला काही नको होतं.

तिची भाची समीक्षा कुडाळला अशाच रुग्णांना पुन्हा बोलायला शिकवायची. ती आली, अर्धा दिवस नुसती बघत बसली आणि शेवटी मावशीच्या हातातला कप काढून घेतला.

"मावशी, तू काकांका बोलूकच देणस नाय."

"दिवसभर राबतंय मी, आणि बोल माकाच?" सावित्री भडकली.

समीक्षाने तिला जवळ बसवलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, म्हणाली, मध्ये बारीकशी फट असते. अलीकडची पेशी त्या फटीत रसायनाच्या इवल्या पुड्या सोडते, पलीकडची झेलते, मग निरोप पुढे जातो. जो जोड रोज वापरात असतो तिथे पुड्या जास्त सुटतात, झेलणाऱ्या जागाही वाढतात. वापर थांबला की जोड ढिला पडतो. काकांच्या काही पेशी गेल्या त्या गेल्या, पण उरलेले जोड अजून घट्ट करता येतील.

"म्हणजे गाऱ्हाण्यासारखा," सावित्री विचार करून म्हणाली. "समोरून व्हय येवकच नाय, तर फुडे कोण सांगतलो?"

"तसाच. तू व्हय म्हण. पण आधी गप रव."

गप राहणं! सावित्रीला त्यापेक्षा शेत नांगरायला सांगितलं असतं तर बरं. तरी रोज सकाळी तुळशीपुढे नारळ ठेवून ती नवऱ्यासमोर बसू लागली. पहिल्या आठवड्यात नुसतं "बा" आलं. तिने मनापासून "व्हय म्हाराजा" म्हटलं. श्रावण सरता सरता "बा देवा म्हाराजा" पुरतं झालं. समीक्षा म्हणाली, जन्मभर घोकलेलं आधी येतं, आता काकांना तुझं नाव घेऊ दे.

सावित्रीने पदर तोंडाला लावला. "माझा नाव? जल्मात कधी घेतल्यानी नाय. जो जोडच नाय, तो घट्ट कसो होतलो?"

गणपतीआधीची एक सकाळ. गावकरांनी हात नारळावर ठेवला.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आज ते थांबले नाहीत. "माझ्या..." म्हणाले आणि अडले. घराक, गुरांक, पोरांक, सगळे शब्द सावित्रीच्या जिभेवर आले. तिने ओठ दाताखाली धरला.

"माझ्या सावित्रीक सुखी ठेव."

नाव कुठेही न अडखळता आलं, रोजच्या वापरातलं असावं तसं. सावित्री बघतच राहिली. दर वर्षी गावाचं गाऱ्हाणं संपलं, माणसं पांगली, की ते एकटेच देवासमोर उभे राहून काहीतरी पुटपुटायचे. ती पायऱ्यांशी वाट बघायची. काय मागितलात विचारलं, की "तुका काय करूचा आसा?" म्हणून पुढे चालू लागायचे.

जबाब मिळाल्याशिवाय पुढे जायची रीत नाही, म्हणून गावकर तिच्याकडे बघत थांबले होते.

"अगो," ते म्हणाले, "व्हय म्हण."

"व्हय," सावित्री कशीबशी म्हणाली. "व्हय म्हाराजा."